‘ती॥ काका’ म्हणजे नक्की कोण? जुन्या कागदांतली नाती

पिवळाकागद · शनिवार, सकाळी ९:४०

आजोबांच्या ट्रंकेत कागदांचं बोचकं सापडलं. मला मोडी येत नाही, म्हणून एका जाणकारांकडून तीन कागदांचं लिप्यंतर करून घेतलं. आता वाचता येतंय, पण उलगडत नाही. नावं मुद्दाम देत नाही. पणजोबांना क म्हणू, त्यांच्या वडिलांना ख.

पहिला कागद म्हणजे १८९७ चं पोस्टकार्ड. क यांनी मुंबईहून घरी धाडलेलं. सुरुवात अशी: ‘तीर्थरूप काका वडिलांचे सेवेसी, अपत्ये क चे साष्टांग नमस्कार विनंति विशेष.’ मग गाठीच्या तापाची हकिगत, ‘च मामा भेटून गेले’ असं एक वाक्य, आणि शेवटी ‘सौ. मावशीस नमस्कार, चि. घ यास आशीर्वाद’.

दुसरं १९०२ चं खरेदीखत. लिहून देणार दोघं: ‘क वलद ख, उमर सुमार वर्षे २२’ आणि ‘ग कोम ख, उमर सुमार वर्षे २४, खुद्द व अज्ञान घ याची पालनकर्ती’.

तिसरं १९०४ च्या एका पत्राचं अर्धं पान. त्यात क लिहितात, ‘गं. भा. मातोश्रींची प्रकृती बरी नाही.’

घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात ते असं: ग ही क यांची आई. काका म्हणजे ख यांचे धाकटे भाऊ, ते निपुत्रिक वारले. मावशी घरातच राहायची, पुढे तिचं काय झालं कोणाला ठाऊक नाही. आजोबांनी काढलेल्या वंशावळीतही हे सगळे आपापल्या चौकटीत बसलेत.

पण आई मुलापेक्षा दोन वर्षांनी मोठी कशी?

उगाचच · शनिवार, सकाळी १०:०५

‘सुमार’ लिहिलंय ना! त्या काळी वय विचारलं की लोक ‘मोठ्या दुष्काळात रांगत होतो’ असं सांगायचे.

मोडीमास्तर · शनिवार, दुपारी १२:३०

उगाचच, पाच-सात वर्षं इकडंतिकडं होतात, मान्य. वीस वर्षं होत नाहीत. आणि दोघं एकाच वेळी लेखनिकासमोर बसलेले असताना आईचं वय मुलाच्या वयाला चिकटवण्याइतका तो आंधळा नसतो.

पिवळाकागद, तुमच्याकडे दोन जातींचे कागद आहेत आणि ते तुम्ही एकाच चष्म्याने वाचताय. खतातला नात्याचा शब्द लेखनिकाचा असतो. त्याला माणूस ओळखू यायला हवा, माया दाखवायची नसते. वलद आणि बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. कोम, मर्द, भ्रतार हे बाईच्या नावापुढे आले की अमक्याची बायको. नवरा वारला तरी बहुतेक वेळा तेच चालू राहतं. कधी ‘बेवा’, म्हणजे विधवा, लिहितात. तेव्हा तुमचं खत एवढंच सांगतं की क हा ख चा मुलगा आणि ग ही ख ची बायको. ती क ची आई आहे असं त्यात कुठंच नाही. अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, घ ची ती पालनकर्ती आहे, तेव्हा घ बहुधा तिच्या पोटचा. क बावीस वर्षांचा, सज्ञान, स्वतःची सही स्वतः करतोय.

ख चं दुसरं लग्न झालेलं होतं. ग म्हणजे क ची सावत्र आई.

एक सावधगिरी. कोम आणि कौम यांत मोडीत गल्लत होते. कौम म्हणजे जात-जमात. पुढं माणसाचं नाव आहे की जातीचं, ते बघून ठरवायचं. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, इकार-उकारात ऱ्हस्व-दीर्घ नाही, त्यामुळे लिप्यंतर करणाऱ्याने जिथं शब्द तोडलाय तिथंही एकदा शंका घ्यावी.

पिवळाकागद · शनिवार, दुपारी १:१०

मास्तर, घरात जेवणं थांबली. आईनं ‘मग खरी आई कोण?’ विचारलं, माझ्याकडे उत्तर नाही.

पण १९०४ च्या पत्रात ‘मातोश्री’ आहे की. मग ते?

सांजवात · शनिवार, दुपारी ३:४५

सावत्र आईला मातोश्री नाही तर काय म्हणणार? वयाने दोन वर्षांनी मोठी का असेना, बापाची बायको आहे. आणि तुमच्या त्या मावशीचा मला वेगळाच वास येतोय. आमच्या माहेरी माझ्या आजोबांना सावत्र आई होती, तिला ते आयुष्यभर मावशी म्हणत. अनेक घरांत ही रीत होती. सख्खी आई गेलेल्या पोराला ‘हिला आई म्हण’ असं सांगणं जड जायचं, मग मावशी हा मधला मार्ग.

तुमच्या कार्डात ‘सौ. मावशी’ आहे. घरात कायम राहणारी, नवरा नसलेली बहीण असती तर गं. भा. लिहिलं असतं. सौ. आहे तर तिचा नवरा कुठं आहे? मला वाटतं तो त्याच घरात आहे. कार्ड त्यालाच लिहिलंय.

तळटीप · शनिवार, सायंकाळी ६:२०

कार्ड ‘काकां’ना लिहिलेलं आहे. सांजवातकाकू, तुम्ही काकांचं लग्न मावशीशी लावताय.

सांजवात · शनिवार, सायंकाळी ६:५५

काकू कोणाला म्हणता? आणि हो, लावतेय. एकत्र कुटुंबात थोरल्या भावाची मुलं धाकट्याला काका म्हणतात. त्यांचं ऐकून धाकट्याची स्वतःची मुलंही काकाच म्हणतात. आमच्या ह्यांनी स्वतःच्या वडिलांना जन्मभर ‘भाऊ’ म्हटलं आणि आईला ‘वहिनी’. शाळेच्या दाखल्यावर नाव लिहिताना पंचाईत झाली नाही, पण शंभर वर्षांनी कोणी त्यांची पत्रं वाचली तर हे ‘भाऊ’ला पैसे मागतायत म्हणून थोरला भाऊ शोधत बसतील.

मोडीमास्तर · शनिवार, रात्री ८:१५

हे फार खरं आहे. शिवाय ‘तीर्थरूप’ लिहिलंय. संकेत असा की तीर्थरूप आईवडिलांना आणि बाकीच्या वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप. वर ‘अपत्ये’ आहेच.

तळटीप · शनिवार, रात्री ९:००

मास्तर, इतकं सरळ नाही. पेशवाईतल्या पत्रांत धाकटा भाऊ थोरल्या भावाला लिहितानाही स्वतःला ‘अपत्य’ म्हणवतो आणि त्याला ‘वडिलांचे सेवेसी’ लिहितो. तिथं वडील म्हणजे बाप नव्हे, वडीलधारा. तीर्थरूप-तीर्थस्वरूप हा भेदही प्रत्येक लिहिणारा पाळत होता असं नाही.

काका-दादांचं म्हणाल तर रघुनाथराव घ्या. सगळ्या दौलतीचे ते दादासाहेब. पण ३० ऑगस्ट १७७३ च्या दिवसाची जी हाक आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहे ती ‘काका, मला वाचवा’. नारायणरावाचे ते सख्खे चुलते, तेव्हा इथं काका अक्षरशः काका. सदाशिवराव तर सगळ्यांचेच ‘भाऊ’. नात्यानं नानासाहेबांचे चुलतभाऊ आणि विश्वासरावांचे चुलतचुलते. आपल्याकडे नाना, तात्या, अण्णा, बापू, मामा ही नावंही असतात आणि नातीही. कागदात ‘काका’ दिसलं की पहिला प्रश्न हाच की हे नाव आहे, हाक आहे की नातं.

सांजवातताईंची (आता बरोबर ना?) अटकळ चांगली आहे. पुरावा मात्र अजून नाही.

बांधावरून · रविवार, सकाळी ७:५०

मी महसुलात होतो. ‘वडील’ शब्दानं मला एकदा चांगलंच गंडवलं होतं. एका घराण्याच्या वतनाच्या जुन्या कागदात ‘वडील सिदोजी’ असं काहीसं होतं, नाव बदलून सांगतोय. वंशावळ जोडणाऱ्यांनी सिदोजीला बाप केला. तो निघाला थोरला भाऊ. वतनात वडीलपणाचा मान वेगळा, हिस्सा वेगळा. ‘वडील घर’ म्हणजे थोरली शाखा. एका शब्दानं आख्खी एक पिढी जास्तीची घुसली होती आणि चार जणांनी त्यावर सह्याही केल्या होत्या.

तसाच ‘थोरले’. थोरले बाजीराव आणि दुसरे बाजीराव हे काही भाऊ नव्हेत, बापलेकही नव्हेत, आजा-नातू आहेत. खेड्यात आजोबाचं नाव नातवाला ठेवायची चाल, म्हणून एकाच गावात ‘थोरला अमका’ आणि ‘धाकटा अमका’ सापडला की मधली पिढी शोधायची.

पिवळाकागद, जमिनीच्या बाजूनं सांगतो. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा. तेव्हा १९०२ च्या खताचा फेरफार शोधत बसू नका. त्यापेक्षा पुढच्या नोंदींत घ च्या नावापुढं ‘अ.पा.क. ग’ दिसतं का पाहा. अज्ञान पालनकर्ता, म्हणजे इथं पालनकर्ती. तिथं कधी कधी ‘आई’ असा खुलासा असतो. घ सज्ञान झाला त्या साली तो शेरा कमी व्हायला हवा. नसेलही झाला! सत्तरीच्या म्हाताऱ्याच्या नावापुढं अज्ञान म्हणून शेरा मी स्वतः पाहिलाय. वारसाच्या नोंदी गाव नमुना ६क मध्ये, जन्ममृत्यू कोतवाल बुकात, म्हणजे नमुना १४ मध्ये.

उगाचच · रविवार, सकाळी ८:३०

सत्तरीचे अज्ञान मीही बरेच पाहिलेत.

उंबरठा · रविवार, सकाळी ११:२०

विषय जरा बाजूला जाईल, पण इथं जाणकार आहेत म्हणून विचारते. आमच्या घराण्याच्या एका वाटणीच्या कागदात, १८६० च्या आसपासच्या, चार भावांची नावं आहेत आणि पाचव्या नावापुढं ‘लेकावळा’ लिहिलंय. त्याला शेताचा अगदी छोटा तुकडा दिलाय. घरात कोणी या शब्दाचा अर्थ सांगत नाही. मी पिढ्या मोजत मागं गेले तर आम्ही त्या पाचव्याचे वंशज.

मोडीमास्तर · रविवार, दुपारी १२:०५

उंबरठा, सरळ सांगतो. लेकावळा म्हणजे लग्नाच्या नसलेल्या बाईपासून झालेला मुलगा. घरातल्या कुणबिणीचा, म्हणजे दासीचा, किंवा ठेवलेल्या बाईचा. कागदातला तो शब्द शिवी म्हणून येत नाही, हिस्सा किती हे ठरवायला येतो. त्याला तुकडा दिला म्हणजे घरानं त्याला आपला म्हटलं होतं, हेही त्याच ओळीत आहे.

तळटीप · रविवार, दुपारी १२:४०

याच अर्थाचा ‘अक्करमासे’ शब्द पुढं मागं भेटेल. बारा मासे म्हणजे एक तोळा; अकरा म्हणजे तोळ्याला कमी. मोल्सवर्थचा कोश जवळ ठेवा, १८५७ ची दुसरी आवृत्ती. या काळाच्या कागदांसाठी आजच्या शब्दकोशापेक्षा तोच उपयोगी पडतो, कारण तेव्हा बोलला जाणारा अर्थ तो देतो. पाट, म्होतूर हे शब्दही तिथं पाहा. ‘पाटाची बायको’ ही रीतसर बायको असते, पुनर्विवाहाची. तिला लोक उगाच लेकावळ्याच्या रांगेत बसवतात.

बांधावरून · रविवार, दुपारी १:१५

कुलवृत्तांतात घालू नका असं मी म्हणेन. गावात अजून माणसं आहेत.

सांजवात · रविवार, दुपारी १:३०

दीडशे वर्षं झाली की हो. ज्या बाईचं नावही कागदात नाही तिच्याबद्दल लाज कोणी धरायची?

उंबरठा · रविवार, दुपारी ४:१०

दोघांचंही पटतंय, हीच अडचण आहे. वंशावळीत लिहिलं. पेन्सिलीनं.

तळटीप · रविवार, सायंकाळी ५:००

मूळ मुद्द्याकडे येण्याआधी सांजवातताईंना एक प्रश्न. नातं हाकेत लपतं म्हणता, मग सासूला आत्याबाई आणि सासऱ्याला मामंजी का म्हणत? इरावती कर्वे यांनी १९५३ च्या भारतातील नातेव्यवस्थेवरच्या ग्रंथात मामाच्या मुलीशी लग्न करायची महाराष्ट्रातली चाल मांडली आहे. मुलाने मामेबहिणीशी लग्न केलं की मुलीची सासू तिची आत्या होते. आत्याबाईचा उलगडा झाला. पण मग सासरा आत्याचा नवरा, म्हणजे आतोबा. तो मामा कसा? सासरा मामा व्हायला मुलीनं मामेभावाशी लग्न करायला हवं. दोन्ही एकाच लग्नात जुळायला आधीच्या पिढीत साटंलोटं, म्हणजे दोन घरांत एकमेकांच्या बहिणी करून घेणं, झालेलं असलं पाहिजे.

सांजवात · रविवार, सायंकाळी ५:४०

माझ्या सासूबाई माझ्या कोणीच लागत नव्हत्या. लग्नाआधी त्यांना मी पाहिलंही नव्हतं. तरी आत्याबाई आणि मामंजीच म्हणत होते. तेव्हा पत्रात आत्याबाई दिसल्या म्हणून कोणी बापाची बहीण काढून बसू नये, एवढं मी छातीठोक सांगते. साटंलोटं तुम्ही सोडवा.

तळटीप · रविवार, सायंकाळी ५:५५

मेहुणा तर आणखी वाईट. बायकोचा भाऊ, बहिणीचा नवरा, आणि काही भागांत मामेभाऊ-आतेभाऊसुद्धा.

उगाचच · रविवार, सायंकाळी ६:०५

खापरपणजोबा आणि निपणजोबा यांत वरचा कोण, हेही सांगून टाका.

मोडीमास्तर · रविवार, सायंकाळी ६:३०

घरोघरी वेगळं आहे. पणजोबाच्या पुढं नावानं मोजू नका, आकड्यानं मोजा. बाप एक, आजा दोन. भांडण मिटतं.

आणि ‘निसबत’ शब्द आला तर नातं समजू नका. अमक्याच्या निसबतीचा म्हणजे त्याच्या ताब्यातला, त्याच्याकडं नेमलेला. मी एका कारकुनाला वर्षभर जावई समजून चाललो होतो.

पिवळाकागद, एक विचारायचं राहिलं. पोस्टकार्ड ना ते? मागची बाजू कुठंय?

पिवळाकागद · रविवार, रात्री ९:२०

मागची बाजू म्हणजे? मजकूर एकाच बाजूला आहे. तेवढीच स्कॅन करून पाठवली होती.

मोडीमास्तर · रविवार, रात्री ९:२५

अहो, पाव आण्याचं राणीछाप कार्ड. १८७९ साली सुरू झालं. तेव्हा एका बाजूला फक्त पत्ता लिहायचा आणि दुसऱ्या बाजूला मजकूर. पत्ता कोणाच्या नावाचा आहे?

पिवळाकागद · रविवार, रात्री ११:५०

झोप उडाली. ट्रंक पुन्हा उतरवली. पत्ता बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, आहे, स्वच्छ, मलाही वाचता येतो. ‘राजमान्य राजेश्री’ आणि पुढं ख यांचं पूर्ण नाव.

दोन दिवस तुम्ही सगळे तीर्थरूप-तीर्थस्वरूप करत होता आणि उत्तर पालथं पडलेलं होतं. माझीच चूक.

तर काका म्हणजे ख. म्हणजे बाप. निपुत्रिक धाकटे भाऊ कधी नव्हतेच. १८९७ मध्ये घरात ‘सौ. मावशी’ आहे आणि तान्हा घ आहे. १९०२ मध्ये ख खतात सही करायला नाही. त्याची बायको ग आणि अज्ञान घ आहेत. १९०४ मध्ये ‘गं. भा. मातोश्री’. मावशी आणि मातोश्री एकच. वंशावळीतून दोन माणसं एका रात्रीत गेली. आई विचारतेय, त्या निपुत्रिक काकांच्या नावानं आपण सर्वपित्रीला इतकी वर्षं पान वाढत होतो त्याचं काय?

सांजवात · सोमवार, सकाळी ६:३०

वाढत राहा. कोणीतरी जेवत असेल.

तळटीप · सोमवार, सकाळी ९:१०

अभिनंदन. फक्त ‘ख मयत’ हे खतावरून अनुमान आहे, ते १९०४ च्या ‘गं. भा.’नं पक्कं होतं. ते दोन कागद वंशावळीत एकत्र नोंदवा. आणि मावशी ही नुसती सावत्र आई की क च्या आईची खरीखुरी बहीण, हे अजून उघडं आहे. पहिली बायको वारल्यावर तिच्याच धाकट्या बहिणीशी लग्न लावणं तेव्हा सर्रास होतं.

पिवळाकागद · सोमवार, दुपारी २:४०

तेही सापडलं बहुतेक! खताच्या शेवटी साक्षीदारांत च यांची सही आहे, पुढं ‘ग हिचा बंधू’. आणि कार्डात काय आहे? ‘च मामा भेटून गेले.’ च हा क चा मामा आणि ग चा भाऊ. म्हणजे ग आणि क ची आई सख्ख्या बहिणी. बरोबर?

तळटीप · सोमवार, दुपारी ३:०५

सावत्र आईच्या भावालाही मामाच म्हणतात.

पिवळाकागद · सोमवार, दुपारी ३:०६

!!!

बांधावरून · सोमवार, दुपारी ३:३०

दक्षिणेकडचे असाल तर हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी वहीत ठेवणारा, येतो का बघा. पण आमच्याकडच्या हेळव्याच्या वहीत लेकी-सुनांची माहेरं नाहीत, नुसते बापे. तुम्हाला आडनाव हवंय, दोघी बायकांच्या माहेरचं. तीर्थोपाध्यायांच्या वह्या गाठा. ख वारल्यावर क कुठं तरी क्षेत्राला गेलाच असेल.

मोडीमास्तर · सोमवार, दुपारी ४:००

आणि गेला असेल तर आईच्या बाजूचे पूर्वजही सांगितले असतील. श्राद्धाच्या यादीत मातामह येतात आणि सापत्नमाताही वेगळी येते. तिथं क ला हाक मारायची नव्हती, संकल्प सांगायचा होता. नातं तिथं नीट सांगावं लागतं. उपाध्यायांकडं जाताना गावाचं जुनं नाव आणि आडनाव घेऊन जा, वह्या त्याच क्रमानं लावलेल्या असतात. आणि दोन्ही बाजू बघा पानाच्या.

पिवळाकागद · सोमवार, सायंकाळी ७:१५

आईला विचारलं. ती म्हणाली, आपल्याकडचे लोक नेहमी त्र्यंबकलाच जात. रविवारी निघतोय. आईही येतेय. तिनं विचारलंय की त्या मास्तरांना काय म्हणायचं, काका की भाऊ?